बारदानासकट

बॅग चार किलो दीडशे ग्रॅमने जड निघाली, आणि तीही अशा घरात, जिथे तीन पिढ्या दुसऱ्यांचे तराजू दुरुस्त करून जगल्या होत्या.

चूक मामाच्या लक्षात आली. घरच्या थोरल्या सुनेचा, थोरलीचा, हा मोठा भाऊ पार्सल कचेरीत खिडकीवर बसायचा. उद्या सकाळी दहाला बहिणीला विमानतळावर सोडायचं म्हणून तो आज दुपारीच येऊन ठेपला होता. चहा घेता घेता त्याने दाराशी उभ्या केलेल्या बॅगेवर खडूने लिहिलेला आकडा वाचला, बावीस किलो आठशे, आणि सवयीने मुठीत धरून बॅग जरा उचलून पाहिली. मग कप खाली ठेवला.

"मने, ही काही तेवीसच्या आत नाही."

सगळे हसले. थोरलीच्या दिराने, धाकट्याने तर त्याला सुनावलंच, की मामा, तुमच्या कचेरीचा काटासुद्धा दरवर्षी आमच्याकडेच येतो, तेव्हा वजनाच्या गोष्टी आम्हाला नका शिकवू. मामा म्हणाला, तीस वर्षं लोकांची खोकी उचलतोय, माझा खांदा खोटं बोलत नाही. पैज लागली. बॅग घरातून मागच्या कारखान्यात नेली आणि मोठ्या काट्यावर चढवली. काटा सत्तावीस किलो दीडशेवर जाऊन थांबला. धाकट्याने बॅग उतरवून वीस किलोचं प्रमाण वजन ठेवलं. काटा चोख होता. त्याने पुन्हा बॅग ठेवली. पुन्हा सत्तावीस दीडशे.

कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या सासऱ्यांनी, आप्पांनी विचारलं, सूनबाई, सकाळी वजन कसं केलं होतं? थोरली म्हणाली, नेहमीसारखंच. आधी रिकामी बॅग काट्यावर ठेवली, काटा शून्यावर आणला, मग भरत गेले.

"म्हणजे बारदान वजा," आप्पा म्हणाले आणि त्यांनी मान डोलावली. ब्याऐंशीव्या वर्षीही त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. थोरलीच्या नवऱ्याला, थोरल्याला दिसलं नाही, धाकट्याला नाही, त्याच्या बायकोला, धाकटीलाही नाही. पोतं वजा केल्याशिवाय धान्य मोजायचं नाही, डबा वजा केल्याशिवाय तेल मोजायचं नाही, हे या घरात मुलांना पाढ्यांच्या आधी कळायचं.

मामा मात्र स्टुलावर बसून ठसका लागेपर्यंत हसला. "अहो आप्पा, विमानवाले बारदानासकट मोजतात. त्यांना आत काय आहे याच्याशी काय घेणं? त्यांना उचलायचं असतं."

मग त्याने तोडगाही सांगितला. ही जुनी टणक बॅगच चार किलो साडेतीनशेची. त्याच्या कचेरीत कापडी पिशव्या मिळतात, चाकांच्या, एक किलोच्या आत. एक आणतो. तरी किलोभर सामान काढावंच लागेल, तेवढं काढून ठेवा.

बॅग तिथेच, कारखान्याच्या लाकडी टेबलावर उघडली गेली आणि त्याबरोबर घरातली सगळी तोंडंही. थोरलीची लेक, ठकी, परदेशात सातव्या महिन्यात होती. डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायला बंदी केली होती. तिच्यासाठी प्रत्येकाने काही ना काही दिलं होतं, आणि प्रत्येकाला दुसऱ्याने दिलेलं अनावश्यक वाटत होतं. धाकट्याने पुतणीसाठी घेतलेली जाड फुलदाणी बघून धाकटी म्हणाली, पडून राहिलेल्या बाईने फुलं आणायला जायचं का आता? धाकटा म्हणाला, तू दिलेल्या आठ उशांच्या खोळींपेक्षा बरी. थोरल्याने लेकीच्या शाळेतली पुस्तकं दडपली होती, चांगली तीन किलोंची, आणि त्यांवर कुणी बोललंच नाही, कारण ती काढली तर तो दिवसभर बोलला नसता. आप्पांनी काय दिलं होतं ते कुणी विचारायचंही नव्हतं. ते एक पितळी पारडं होतं. या घरात जन्मलेलं प्रत्येक मूल पहिल्या दिवशी त्या पारड्यात ठेवून मोजलं गेलं होतं, स्वतः आप्पाही.

थोरली एकेक वस्तू हातात घेत होती, ठेवत होती. तिला या भांडणाचं बरंच वाटत होतं. लोक फुलदाणीवरून भांडत होते तोवर बाकी कशावर बोलत नव्हते. आणखी एक संध्याकाळ, एक रात्र, की सकाळी दहा.

तेवढ्यात मामा दारातून परत वळला. "थांबा रे, काढाकाढी कशाला करताय? काही विमानांत दोन बॅगा चालतात. तिकिटावर लिहिलेलं असतं. कुठे आहे कागद?"

"एकच आहे," थोरली म्हणाली. जरा घाईनेच म्हणाली.

"बघू तरी."

"मी पाहिलंय दादा. एकच."

पण थोरल्याने तोवर कपाटावरची फाईल काढून त्याच्या हातात दिली होती. मामाने चष्मा वर सरकवला आणि पार्सलची पावती वाचावी तसा खणखणीत वाचू लागला. जाताना एक बॅग, तेवीस किलो. हातातली सात किलो. येताना एक बॅग, तेवीस किलो. मग येतानाची तारीख.

तारीख वाचून तो थांबला. धाकट्याचे ओठ हलताना दिसत होते. तो मोजत होता. घरात सगळ्यांना ती पाच आठवड्यांनी परत येणार हे माहीत होतं. कागदावर तीन महिने आणि एक आठवडा होता.

"चुकून छापलं असेल," मामा बहिणीकडे न बघता म्हणाला. आपण काय करून बसलो हे त्याला कळलं होतं.

"नाही," थोरली म्हणाली. "बरोबर आहे ते."

*

पाच आठवड्यांचा हिशेब धाकटीला तोंडपाठ होता, कारण तो जेवणाच्या टेबलावर दहा वेळा झाला होता. थोरली गेल्यापासून सातव्या आठवड्यात वर्षाची तपासणी. बाजारातला प्रत्येक तराजू सरकारी शिक्का मारून घ्यायला यायचा आणि त्याआधी दुरुस्तीला कारखान्यात. मोठे काटे थोरला आणि धाकटा बघायचे. पण सोनारांचे, औषधवाल्यांचे, काचेच्या पेटीतले नाजूक तराजू एकट्या थोरलीकडे. साठ-पासष्ट तरी यायचे. पंधरा वर्षांपूर्वी थोरल्याच्या हाताला कंप सुटला, तेव्हा त्याने शिकवून बायकोला त्या टेबलाशी बसवलं. आता त्याच्यापेक्षा तिचा हात चांगला, असं तोच सांगायचा.

धाकट्याचा आवाज चढला नव्हता. त्याचा राग तसा नव्हताच. तो थंड पडत जायचा. वहिनी, साठ सोनारांना काय सांगू, असं त्याने विचारलं. एक वर्ष आपण परत पाठवले, तर पुढच्या वर्षी ते समोरच्या गल्लीत जातील आणि मग कधीच यायचे नाहीत. जायला कुणी नाही म्हटलं का? पण निदान सांगायचं तरी. आम्हाला काय, परके समजलात?

थोरली टेबलाच्या कडेला हात टेकून उभी होती. धाकटी तिच्याकडे बघत होती. अकरा वर्षं एका स्वयंपाकघरात काढली, पण या बाईला घाबरलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं, आजही ती घाबरलेली दिसत नव्हती. फक्त जरा उंच वाटत होती.

"सांगितलं असतं," थोरली म्हणाली, "तर ते विचारल्यासारखं झालं असतं. आणि विचारलं की तुम्ही उत्तर देता."

धाकट्याने भावाकडे पाहिलं. भाऊ जमिनीकडे बघत होता.

"गेल्या वर्षी मी विचारलं होतं," थोरली पुढे म्हणाली. एवढंच. पुढचं कुणाला सांगायची गरज नव्हती. गेल्या वर्षी ठकीला पाचव्या महिन्यात त्रास सुरू झाला आणि तिने फोन केला, तेव्हा तपासणीला बारा दिवस राहिले होते. सगळ्यांनी बसून ठरवलं, तपासणी होऊ दे, मग जा. धाकटीही त्या बैठकीत होती, तिनेही मान हलवली होती. नवव्या दिवशी ठकीचा दुसरा फोन आला. तोपर्यंत सगळं संपलं होतं. आता नको येऊस आई, ती म्हणाली होती, आता येऊन काय करणार. थोरलीने फोन ठेवला आणि समोरचा तराजू पुरा केला. धाकटी चहा घेऊन गेली होती, तिने ते पाहिलं होतं. चिमटा जरासुद्धा हलला नव्हता. त्या दिवसापासून धाकटीला जावेची थोडी भीती वाटायची. आज पहिल्यांदा तिला वाटलं, की भीती वाटायला नको होती, जवळ जायला हवं होतं.

"मी बसते त्या टेबलाशी," ती म्हणाली.

नवऱ्याने तिच्याकडे वळून बघितलं आणि तो चक्क हसला. पोळी लाटण्याइतकं सोपं आहे का ते? तू वहिनींच्या पासंगालाही पुरायची नाहीस.

"ते बसल्यावर कळेल. ताईंनी कधी बसू दिलंय का मला?"

हे ती रागाने बोलली नाही, पण बोलल्यावर तिचं तिलाच कळलं की अकरा वर्षं हे आत होतं. काचेच्या पेटीची किल्ली थोरलीच्या कमरेला. पेटी पुसायचीसुद्धा तिनेच. धाकटीने फक्त चहा आणायचा, आणि तोही टेबलावर ठेवायचा नाही, खिडकीत ठेवायचा, कारण वाफेने काटा हलतो.

आणि मग तिने तेही सांगून टाकलं, जे नवऱ्यालाही माहीत नव्हतं. वर माळ्यावर एक मोडका सोनारी तराजू पडला होता. दुपारी सगळे आडवे झाले की ती वर जायची. चार वर्षं. चिमटा नव्हता, भुवया उपटायचा वापरला. वजनं नव्हती, कागदाचे तुकडे कापले. खिडकीत चहा ठेवताना जे दिसायचं तेवढंच शिकायचं, वर जाऊन करून बघायचं.

"चार वर्षं?" धाकटा म्हणाला.

"तुम्ही घोरत असता," ती म्हणाली, आणि मामाला पुन्हा ठसका लागला.

*

 बायकोने आपल्यापासून तीन महिन्यांचा मुक्काम लपवला, हे थोरल्याला लागलं होतं, आणि नेमकं कुठे लागलं ते शोधत तो उभा होता. तिकीट ठकीने पाठवलं होतं, म्हणजे लेकीलाही माहीत होतं. म्हणजे त्या दोघी एकीकडे, आणि तो भावाच्या, वडिलांच्या, साठ सोनारांच्या बाजूला. त्याला कुणी त्या बाजूला ढकललं नव्हतं. तो गेल्या वर्षी स्वतःच चालत गेला होता.

धाकटा त्यालाच म्हणत होता, दादा, तू सांग वहिनींना. तारीख बदलता येते, थोडे जास्त लागतात, मी देतो. सहा आठवडे राहू देत, सात राहू देत.

"नको," थोरला म्हणाला.

"नको म्हणजे?"

"तारीख बदलायची नाही. गेल्या वेळी तिला मी थांबवलं. तुम्ही सगळे होता, पण ती माझ्याकडे बघत होती, आणि मी म्हणालो थांब." त्याचा उजवा हात आता कोपरापासून हलत होता. त्याने तो डाव्या हाताने धरून ठेवला. "साठच्या साठ परत गेले तरी चालतील."

धाकटा मान हलवत राहिला. त्याला कारखाना बुडताना दिसत होता आणि ते खोटं नव्हतं, हे थोरल्यालाही कळत होतं. भावाचं चुकत नव्हतं. एवढंच होतं, की यावेळी बरोबर असून भागणार नव्हतं.

शेवटी आप्पांनी काठी जमिनीवर टेकवली.  त्यांनी थोरलीला पेटीची किल्ली मागितली. तिने कमरेची किल्ली काढली, पण ती त्यांच्या हातात न देता धाकटीच्या तळहातावर ठेवली. आप्पांनी ते पाहिलं आणि तसंच राहू दिलं.

"कोपऱ्यात चौकातल्या सोनाराचा तराजू पडलाय परवापासून," ते म्हणाले. "बस, पोरी. घाई करू नकोस. आम्हाला कुठे जायचं नाही. जायचंय ते उद्या दहाला."

मामा पिशवी आणायला निघून गेला. थोरला उघडी बॅग उचलून घरात गेला.

*

धाकटीने हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. खिडकी लावून घेतली. थोरली तिच्या मागे, दोन हात अंतरावर उभी होती. त्या स्टुलावर दुसऱ्या कुणाची पाठ तिने पंधरा वर्षांत पाहिली नव्हती. ते स्टूल डावीकडे जरा कलतं, हे सांगावंसं वाटलं तिला. तिने सांगितलं नाही.

दांडी उतरवली. दांडी जिच्यावर तोलते त्या पोलादी धारेवरचा मळ काढला. पारडी मऊ कापडाने पुसून परत टांगली. हे सगळं धाकटीने जसंच्या तसं केलं, थोरली करायची तसं. धार पुसल्यावर अंगठा कापडात गुंडाळायची तिची सवयसुद्धा. ती आपली सवय आहे हे थोरलीला तेव्हाच कळलं. मग पेटीचं दार लावून धाकटी मागे सरली आणि तिने श्वास धरला. दांडी हलली, डोलली, हळूहळू स्थिर होत गेली. धाकटीने दार उघडून पारड्याच्या कडीखाली शिशाचा कण घातला. पुन्हा दार लावलं. पुन्हा वाट पाहिली. एक कण काढला. निम्मा कापून परत घातला.

अर्ध्या तासाने तिने हात मांडीवर ठेवले.

आप्पांची नजर आता काट्याच्या टोकापर्यंत पोहोचत नव्हती. धाकटा वाकून बघून आला आणि मागे झाला. त्याला तो मधोमध दिसला होता. आप्पांनी विचारलं, "सूनबाई, कसा आहे?"

थोरली पुढे झाली. काट्याचं टोक मधल्या रेघेवर होतं. म्हणजे जवळजवळ होतं. कुणी सोनार ओळखू शकला नसता, कदाचित तपासनीसही नाही. 'बरोबर आहे' एवढं म्हटलं की धाकट्याचं तोंड बंद, कारखान्याची काळजी मिटली, आणि उद्या मोकळ्या मनाने विमानात बसायचं. दोनच शब्द होते. पण तिच्या जाण्यानंतर या स्टुलावर साठ तराजू येणार होते, आणि पहिल्याच्या वेळी थोरली जर खोटं बोलली, तर उरलेल्या एकोणसाठांच्या वेळी या मुलीला कुणाच्या शब्दावर भरवसा ठेवता येणार होता?

"अर्धा केस डावीकडे आहे," ती म्हणाली.

धाकट्याने सुस्कारा टाकला. आता तो बोलणार, एवढ्यात धाकटीने मागे न बघता हात वर केला, माशी हाकलावी तसा.

"दिसतंय मला. अजून कुठे झालंय माझं? चहा करायला सांगितलं तर तासाने मिळतो, तेव्हा कुणी बोलत नाही."

आणि तिने चिमटा उचलला.

थोरलीचा हात पुढे गेला होता. बोटांना ते कळायच्या आधीच गेला होता. कण कुठला काढायचा, किती कापायचा, ते सगळं बोटांत तयार होतं. तिने हात परत घेतला, दुसऱ्या हातात धरला, आणि काटा थांबायची वाट न बघता कारखान्यातून बाहेर पडली.

घरात थोरला जमिनीवर बसला होता. मामाने आणलेली कापडी पिशवी समोर पसरली होती आणि तो बाळाची दुपटी एकेक करून तिच्यात ठेवत होता. घड्या त्याच्या हातून नीट बसत नव्हत्या, तो पुन्हा घालत होता. पुस्तकं त्याने बाजूला काढून ठेवली होती, तिन्ही किलो. तिथे आता तिचा जाड राखाडी स्वेटर होता.

"तिकडे दोन महिन्यांनी थंडी पडते," तो म्हणाला. "तू हा घेतला नव्हतास. घेतला असतास तर मला कळलं असतं, म्हणून ना?"

ती त्याच्या शेजारी खाली बसली. हो म्हणाली.

"थंडीत कुडकुडली असतीस मग."

"चाललं असतं."

त्याने स्वेटरच्या बाह्या आत दुमडल्या.  मग फोन वाजला. ठकीचाच होता, तिच्याकडे नुकतं उजाडलं होतं आणि तिचा आवाज झोपेतला, पडल्या पडल्या बोलण्याचा होता. तिने आधी सामानाचं विचारलं, मग आप्पांचं, आणि मग तिला खरं विचारायचं होतं ते विचारलं. आई, घरी सांगितलंस का किती दिवस राहणार ते?

"सांगितलं."

"मग? काय म्हणाले?"

कारखान्याच्या बाजूने काही आवाज येत नव्हता. अजून कुणी तिला हाक मारली नव्हती. थोरलीने ऐकून पाहिलं, आणि मग ऐकणं सोडून दिलं.

"ते काम करताहेत," ती म्हणाली. "तू पडून राहा. मी परवा तुझ्याजवळ असेन."